बाझलची नोकरी

गुंडोपंतांनी शेंगांच्या ढिगापलीकडून हात पुढे केला आणि म्हणाले, "अभिनंदन हं, त्रिविक्रम." त्या वेळी त्रिविक्रमच्या एका हातात मुलीचं मनगट होतं आणि दुसऱ्या हातात तिची एक चप्पल. बंगळूरच्या बसवनगुडीत, नंदीच्या देवळाच्या उतारावर, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिथं लहान मुलांच्या चपला हटकून निसटतात. चप्पल बगलेत मारून त्यानं हात दिला. गुंडोपंत मराठी मंडळाचे कार्यवाह होते. लग्न, मुंज, सत्कार, शोकसभा यांतलं काहीही त्यांच्यावाचून पार पडत नसे, आणि त्यांना ते ठाऊकही होतं. "परवा दामोदरराव सांगत होते. बाझल म्हणजे चेष्टा नाही. एवढी मोठी रंगांची कंपनी, तिनं आपल्या पोराला बोलावलं. येत्या रविवारी मंडळात स्वल्प कार्यक्रम ठेवलाय. शाल-नारळ, मग जेवण. नाही म्हणायचं नाही." त्रिविक्रम हसला. हसला, हेच पुढं त्याला खुपत राहिलं. आपला हात दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीनं हलवला जातोय हे त्याला हातात हात असतानाच कळलं होतं, आणि तरी त्या दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहणं अर्धा क्षण त्याला बरं वाटलं होतं. मग गर्दीनं गुंडोपंतांना पुढं ढकललं, आणि चार वर्षांची शमिका एका पायावर उभी राहून म्हणाली, "बाबा, माझा पाय गार झाला."

बाझलची नोकरी आसावरीला लागली होती. त्याच्या बायकोला. यात समजायला अवघड काय होतं? कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र हा तिचा विषय. इंग्लंडात लीड्सला तिनं त्यात डॉक्टरेट केली आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका प्रयोगशाळेनं तिला बोलावून घेतलं. ती महिन्यापूर्वीच पुढं गेली होती. लीड्सचं घर आवरून, मुलीला घेऊन तो मध्ये बंगळूरला आला होता, ते आईवडिलांना भेटायला आणि विमान कारखान्यातल्या नोकरीचा राजीनामा द्यायला. कारखान्यानं त्याला बिनपगारी रजा दिली होती. ती संपत आली होती आणि पुढची मिळणार नव्हती. तिच्या परवान्यावर जाणाऱ्या नवऱ्याला तिथं काम करता येणार नव्हतं, निदान सुरुवातीची काही वर्षं तरी. म्हणजे तो बाझलला मुलीला सांभाळायला चालला होता. ते त्यानं अण्णांना, म्हणजे वडिलांना, दामोदररावांना, पहिल्याच संध्याकाळी नीट, सावकाश सांगितलं होतं. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तिथं थंडी फार असेल, नाही?" त्यांना पचलं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता शमिकाच्या पायात चप्पल चढवताना त्याला कळत होतं, की अण्णांना अवघड गेलं ते समजून घेणं नव्हे. गांधी बझारात भाजी घेताना चार ओळखीची माणसं भेटतात, त्यांना सांगणं अवघड गेलं, आणि म्हणून त्यांनी त्या गोष्टीतली माणसंच बदलून टाकली.

घराकडे चालताना तो रागावायचा प्रयत्न करत होता, आणि राग पुरेसा येत नव्हता. शमिका प्रत्येक झाडाशी थांबत होती. लीड्सला ती अशीच थांबायची, फक्त तिथं झाडांऐवजी कुंपणं होती. लीड्सला गेल्यावर त्यानं एका कंपनीत धरलेलं कराराचं काम संपलं तेव्हा आसावरीचा प्रबंध ऐन भरात होता, आणि पाळणाघराला द्यायला पैसे नव्हते. तेवढ्याच कारणानं तो घरी राहिला. काही दिवसांचा प्रश्न आहे असं दोघंही म्हणत होते. पहिल्या आठवड्यात त्यानं मुलीचा स्वेटर उकळत्या पाण्यात धुऊन बाहुलीला येईल एवढा केला. दुसऱ्या आठवड्यात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मुलांच्या खेळवर्गाला तो तिला घेऊन गेला, तेव्हा चहाचे कप घेऊन बसलेल्या सगळ्या आया एकदम गप्प झाल्या. तो कोपऱ्यात एका बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसला. पुढच्या खेपेला त्यांतल्या एकीनं आपलं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती सिगारेट ओढायला बाहेर गेली. त्या दिवशी घरी येताना, ओल्या फरसबंदीवरून बाबागाडी ढकलताना, आपल्याला कारखान्याची आठवण येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. कितीतरी दिवसांत आली नव्हती. त्याला आधी धास्ती वाटली. आपल्यात काहीतरी कमी आहे की काय असं वाटलं. मग हीटरवर वाळत घातलेल्या मुलीच्या हातमोज्यांचा ओल्या लोकरीचा वास आला, आणि तो नुसता खुर्चीत बसून तो वास घेत राहिला. तो सुखात होता. इतकं साधं सुख, पण ते कुणाला सांगायचं तर शब्द सापडत नव्हते, कारण पुरुषांनी असल्या सुखाबद्दल बोललेलं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

कारखान्यात तो तपासणी विभागात होता. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मापून बघायचे, बसतो की नाही ते ठरवायचं, शिक्का मारायचा. वाईट काम नव्हतं. अण्णांनीही त्याच कारखान्यात जन्म काढला होता. सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची आणि अण्णा डबा घेऊन आधीच उभे असायचे, कधीही धावले नाहीत. लहानपणी त्रिविक्रमला अण्णा म्हणजे त्या बसच्या खिडकीतली चेहऱ्याची एक बाजू एवढेच माहीत होते. रविवारी ते घरी असायचे खरे, पण रविवारी ते झोपायचे. आपल्या वडिलांनी आपल्याला कधी आंघोळ घातली होती का, हे त्यानं लीड्सला एकदा शमिकाच्या डोक्यावरून पाणी ओतताना आठवून बघितलं होतं. आठवलं नव्हतं. त्यात अण्णांचा काही दोष आहे असंही त्याला वाटलं नाही. फक्त हातातलं भांडं जरा वेळ तसंच राहिलं आणि शमिका ओरडली, की डोळ्यांत साबण जातोय.

अण्णा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्रिविक्रमनं शमिकाला आत आजीकडे पिटाळलं आणि म्हणाला, "गुंडोपंत भेटले."

"हां," अण्णा म्हणाले आणि पान उलटलं.

"नोकरी मला लागलीय असं तुम्ही सांगितलंत त्यांना."

"त्यांनी विचारलं, मुलगा बाझलला का चाललाय. मी म्हटलं, नोकरी आहे. खोटं काय त्यात? आहे की नाही नोकरी?"

"माझी नाही."

अण्णांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. ते चिडले नव्हते. चिडले असते तर सोपं गेलं असतं. "हे बघ, तू आठ-दहा दिवसांत जाशील. तिथं तू स्वयंपाक कर, धुणी धू, मी काही म्हणतोय का? मला इथं राहायचंय. रोज फिरायला गेलो की चौघं विचारणार, मुलगा काय करतो. कारखाना सोडला, आणि काय करतो? एक शाल घ्यायची, चार शब्द बोलायचे, संपलं. तुझं काय जातं?"

तुझं काय जातं, हा प्रश्न घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. आई चटणीला कोथिंबीर निवडत होती आणि शमिका काड्या वेगळ्या करत होती. आईनं सगळं ऐकलं होतं. या घरात व्हरांड्यातलं स्वयंपाकघरात ऐकू येत नाही असं कधी झालं नव्हतं. "त्यांना चार माणसांत बसायचं असतं रे," ती म्हणाली. "सोडून दे. मी तर म्हणते शमीलाही इथंच ठेव वर्षभर. तू कारखान्यात रुजू हो, आसावरीचं तिथलं बस्तान बसू दे, मग बघू. पुष्कळ जण ठेवतात." हे ती सहज बोलली, प्रेमानं बोलली, आणि काड्या एका बाजूला सारल्या. पुष्कळ जण ठेवत होतेच. त्याच गल्लीत दोन घरांत नातवंडं होती, ज्यांचे आईबाप अमेरिकेत होते, आणि ती मुलं गुटगुटीत होती, हसरी होती, रविवारी फोनवर पाठ केल्यासारखं बोलायची. शमिकानं मान वर करून विचारलं, "बाबा कुठे रुजू होणार?" तुझं काय जातं याचं उत्तर त्याला तिथं, कोथिंबिरीच्या वासात मिळालं. तो खोटा माणूस एकदा शाल पांघरून उभा राहिला, की मग बाकीचं सगळं त्याच्याच सोयीनं ठरत जाणार. नोकरीवाल्या माणसाला मूल जड. नोकरीवाल्या माणसानं मूल आजीकडे ठेवणं शहाणपणाचं. आणि आपण, जे हिच्यामागे झाडाझाडापाशी थांबत आलो, ते कुठंच नसणार, बंगळुरात नाही आणि बाझलमध्येही नाही. "मी कुठेही रुजू होणार नाही," तो मुलीला म्हणाला. "मी तुझ्याबरोबर येणार आहे." आईनं त्याच्याकडे बघितलं आणि मिक्सर सुरू केला.

संध्याकाळी आसावरीचा फोन आला. तिच्या आवाजामागे ट्रामची घंटा वाजत होती, ती बहुधा खिडकीशी उभी होती. तिला घर मिळालं होतं, नदीपासून जवळ, पण जिना फार उंच होता. त्यानं तिला सत्काराचं सांगितलं तेव्हा ती आधी मोठ्यानं हसली. "घे की शाल. मला इथं थंडीत उपयोगी पडेल." तो काय विचार करतोय हे तिला नेहमी जरा आधी कळायचं. "हे बघ," ती म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. माझी नोकरी काही गुंडोपंतांनी दिलेली नाही, आणि ते काढूनही घेणार नाहीत. अण्णांना वाईट वाटेल, त्यांना तुलाच तोंड द्यायचंय." त्याला मदत हवी होती आणि तिनं ती नाकारली होती, असं त्याला फोन ठेवताना वाटलं. जरा वेळानं, मुलीला झोपवताना, वाटलं की तिनं बरोबर केलं. तिच्यासाठी केलं असतं तर तो मोठेपणा झाला असता. बायकोसाठी एवढा त्याग केला म्हणून त्याचीही एखादी शाल मंडळानं कधीतरी काढली असती. त्याला त्याग करायचाच नव्हता. त्याला जे हवं होतं तेच करायला तो चालला होता, आणि ही एकच गोष्ट कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

गुरुवारी त्यानं राजीनामा दिला. साहेबांनी चहा पाजला. विभागातल्या जुन्या मंडळींनी पाठीवर थाप मारली आणि तिथला पगार विचारला. त्यांना सांगायला त्याला काहीच जड गेलं नाही. "पगार बायकोला," तो म्हणाला. त्यांना थट्टा वाटली आणि त्यानं ती तशीच सोडली. बसनं परत येताना खिडकीशी बसून तो विचार करत होता, की थट्टा म्हणून सोडून देणं किती सोपं असतं, आणि रविवारी ते करायचं नाही. त्यानं काय बोलायचं ते मनात जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. कार्यक्रमाला जाऊच नये असंही आलं मनात, आजारी पडावं, शमिकाला ताप आणावा. पण न जाण्यानं तो दुसरा माणूस आणखी पक्का झाला असता, आजारपणातही सत्कार झालेला. नाही, जायचं. जायचं आणि सांगायचं. एवढं ठरल्यावर त्याला भूक लागली. कितीतरी दिवसांनी अशी लागली होती.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. पडद्यामागे पंगतीची तयारी चालली होती आणि मसालेभाताचा वास पार पहिल्या रांगेपर्यंत येत होता. अण्णा पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते, शेजारी शमिका, तिच्या शेजारी आई. अण्णांनी सकाळी स्वतः चपला पुसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्रिविक्रमनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल तर कारखान्याच्या निवृत्तीच्या समारंभात. वडिलांना एवढं खूश आपण दुसऱ्या कशानं करू शकलो असतो, याचा तो व्यासपीठावरच्या खुर्चीत बसून विचार करत होता आणि त्याला काहीही सुचत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. मन तरीही बदललं नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

गुंडोपंत बोलायला लागले की थांबत नसत. बंगळूरच्या मराठी माणसानं विमानं बांधली, प्रयोगशाळा उभारल्या, आणि आता तो युरोपलाही रंग द्यायला निघाला, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. त्रिविक्रमनं शाल हातातच घेतली, खांद्यावर घेऊ दिली नाही. "दोन शब्द बोला," म्हणत गुंडोपंतांनी ध्वनिक्षेपक त्याच्याकडे सरकवला.

"यात एक चूक झालीय," तो म्हणाला. आवाज वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "बाझलची नोकरी माझ्या बायकोला, आसावरीला लागलीय. मी तिथं नोकरी करणार नाही. मी घरी राहून मुलीला सांभाळणार आहे."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, आणि सगळा हॉल हसला. मनापासून, प्रेमानं हसला. कुणीतरी टाळी दिली, एक बाई पदर तोंडाला लावून हसत शेजारणीला म्हणाली, "किती विनयशील बाई." गुंडोपंतांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. पहिल्या रांगेत अण्णा उठले होते. शमिका त्यांच्या सदऱ्याला धरून ओढत होती, तिला बाथरूमला जायचं होतं, आणि तिला घेऊन जाताना, दाराशी पोचेपर्यंत, अण्णाही हसत होते. इथं थांबता आलं असतं. त्यानं सांगितलं होतं आणि अण्णांचंही काही बिघडलं नव्हतं. सगळ्यांचं भागलं होतं. त्रिविक्रमनं हसणं ओसरू दिलं.

"मी थट्टा करत नाही," तो म्हणाला. "लीड्सला मी हेच करत होतो. मुलीला न्हाऊ घालणं, वेण्या घालणं, दुखलंखुपलं बघणं. बाझलमध्ये मला काम करायची परवानगीच नाही, आणि असती तरी मी निदान ती मोठी होईपर्यंत हेच केलं असतं. मला ते आवडतं. कारखान्याच्या कामापेक्षा पुष्कळ जास्त आवडतं. सत्कार करायचा तर आसावरीचा करा. ती येईल तेव्हा." त्यानं शाल घडी मोडू न देता तबकात ठेवली. आता कुणी हसलं नाही. पडद्यामागे कुणाच्या तरी हातून पळी पडली तेवढा आवाज झाला. आई मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. गुंडोपंतांनी ध्वनिक्षेपकाशी वाकून, बराच विचार करून जाहीर केलं, की पानं वाढली आहेत.

बाहेर अंगणात नळापाशी अण्णा शमिकाचे हात धूत होते. ते अवघडून वाकले होते आणि तिची बाही पार भिजली होती. त्याला बघून म्हणाले, "बोलून टाकलंस ना शेवटी. पण हसले सगळे. थट्टाच समजले, बरं झालं. आता तसंच राहू दे."

त्रिविक्रम जवळ गेला. ही तिसरी खेप होती, आणि व्यासपीठावर जे जमलं ते इथं, नळाच्या पाण्यात पाय भिजत असताना, जमेल की नाही त्याला खात्री नव्हती. "मी परत सांगितलं, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर आल्यावर. तेव्हा कुणी हसलं नाही."

अण्णांनी नळ बंद केला. तो नीट बंद होईना तेव्हा परत फिरवला. मग म्हणाले, "आता मी आत कसा जाऊ?" हे त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, आणि त्रिविक्रमला रडू येईल असं वाटलं. "माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली. "तू हिला घेऊन पुढं हो," ते म्हणाले.

पंगतीत त्यानं शमिकाला उजवीकडे बसवलं आणि डावीकडचं पान मोकळं ठेवलं. पलीकडे आई बसली. वाढणारे त्याच्याशी नेहमीपेक्षा हळू बोलत होते. मसालेभात आला, कोशिंबीर आली. शमिकाला भात तिखट लागत होता, तर तो त्यात ताक कालवून लहान लहान घास करून तिला भरवायला लागला. समोरच्या ओळीत गुंडोपंत होते. ते त्याच्याकडे बघत नव्हते, आणि बघत नाही हे दाखवण्यात त्यांचं जेवण राहून जात होतं. अण्णा येणार नाहीत असं त्याला वाटायला लागलं. रिक्षा करून घरी गेले असतील. निघायच्या दिवसापर्यंत ते पेपरमागून बोलतील, आणि विमानतळावर येणारही नाहीत. येऊ नयेत मग. तो घास करत राहिला.

मग शेजारच्या पाटावर कुणीतरी जड बसलं. अण्णांचा सदरा पोटापाशी ओला होता. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. गुंडोपंतांना तेवढं पुरे झालं. "दामोदरराव," ते ओळीपलीकडून म्हणाले, "हे काय ऐकतोय आम्ही? नोकरी सूनबाईला लागलीय म्हणे?"

"तिलाच लागलीय," अण्णा पानाकडे बघत म्हणाले. "रंगांच्या प्रयोगशाळेत. डॉक्टर आहे ती."

"आणि हा मग काय करतोय?"

अण्णांनी मान वर केली. आजूबाजूची सगळी पानं थांबली होती. "मुलीला भरवतोय," ते म्हणाले. "दिसत नाही का तुम्हाला?"